कोन्या जंगलातला हाये हा डोंगा?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या सभागृहात जमतो, त्या गुरुजींनी मला नववीत इतिहास शिकवला. वर्गात ते नेहमी सांगत, की इतिहासाच्या पुस्तकात एखादे नाव दिसले की त्या नावाखाली कोण उभे आहे ते आधी पाहावे. आजचा विषय मी त्यांच्याच या सवयीने निवडला आहे. चंद्रपुरात, समुद्रापासून इतक्या दूर, अठराव्या शतकातल्या एका इंग्रजी व्यापारी जहाजावर व्याख्यान कशासाठी, असे निमंत्रणपत्रिका वाचून काहींनी मला विचारले. त्याचे उत्तर भामरागडच्या एका मुलाकडे आहे.

काही वर्षांपूर्वी भामरागडच्या एका शाळेत मुलांना चित्रे दाखवायला गेलो होतो. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम जिथे भेटतात तिथली ही मुले. पावसाळ्यात त्यांचे आयुष्य डोंग्यावर चालते. अख्खे खोड कोरून केलेला डोंगा, त्यात बसून बाजाराला, दवाखान्याला, शाळेला जायचे. मी एका मोठ्या शिडाच्या जहाजाचे जुने चित्र दाखवले. किती शिडे, किती तोफा, कुठून कुठे जायचे, सगळे सांगितले. मागच्या रांगेतला एक माडिया मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, कोन्या जंगलातला हाये हा डोंगा?"

मला उत्तर देता आले नाही. मी जहाजाचा कप्तान सांगू शकत होतो, मालक सांगू शकत होतो, त्यातून कोण मोठा माणूस प्रवासाला गेला तेही सांगू शकत होतो. जंगल सांगता येत नव्हते. त्या दिवसापासून मी जहाजांची चरित्रे त्या मुलाच्या बाजूने, म्हणजे झाडाच्या बाजूने वाचायला लागलो. आज त्यातले एक चरित्र तुमच्यापुढे ठेवतो.

जहाजाचे नाव 'स्वॅलो'. आपल्याकडे भिंगरी म्हणतात तो पक्षी, पंख न थकवता मैलोन्‌मैल उडणारा. अठराव्या शतकाच्या आठव्या दशकाच्या अखेरीस, १७८० उजाडण्याच्या थोडे आधी, हे जहाज मुंबईच्या गोदीत बांधून झाले. ईस्ट इंडिया कंपनीसाठी बांधलेले. त्याचे काम 'पॅकेट'चे. आपण रोज ज्याला पाकीट म्हणतो तोच हा शब्द. कंपनीचे खलिते, हिशेब, हुकूम, तातडीची माणसे आणि थोडा मौल्यवान माल घेऊन विलायत आणि हिंदुस्थान यांच्यात धावणारे, अंगाने लहान, वेगाने चपळ असे डाकेचे जहाज. कंपनी व्यापारी होती, पण तिचा व्यापार चालायचा तो पत्रांवर. कापडाचा भाव, फौजेचा खर्च, कुठल्या दरबारात कोण फिरले, हे लंडनला कळेपर्यंत अर्धे वर्ष जायचे. म्हणून वेगवान जहाज म्हणजे कंपनीच्या हातातले एक शस्त्रच होते.

ते बांधले कोणी? गोदीचा कारभार तेव्हा माणेकजी आणि बमनजी या दोन वाडिया भावांकडे होता. त्यांचे वडील लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले, सोबत काही सुतार घेऊन. सुरत हे तेव्हा जहाजबांधणीचे मोठे ठिकाण. मुंबईला चांगले बंदर होते, पण कारागीर नव्हते. कंपनीने कारागीर उचलून आणले आणि १७५० मध्ये मुंबईत कोरडी गोदी तयार झाली, आशियातली पहिली. लवजी १७७४ मध्ये वारले. 'स्वॅलो' त्यांच्या मुलांच्या हातचे. वाडियांच्या गोदीत नवे जहाज बांधायला घ्यायचे तर त्याच्या तळाच्या मुख्य लाकडात, ज्याला कोकणातले सुतार 'पठाण' म्हणतात, चांदीचा खिळा ठोकायचा विधी होता. पारशी घराण्याची ती श्रद्धा. इंग्रज अधिकारी त्या विधीला उभे राहत.

चांदीचा खिळा एकच. बाकीचे हजारो खिळे आणि बोल्ट लोखंडाचे. इथूनच सागाची गोष्ट सुरू होते, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. माझे वडील बल्लारशाच्या लाकूड डेपोत नगांची गोलाई मोजून वहीत उतरवण्याचे काम करत. माझ्या लहानपणाचा वासच सागाचा आहे.

इंग्रजांचे जहाज ओक नावाच्या झाडाचे. ओक मजबूत खरा, पण त्याच्या लाकडात एक आम्ल असते. ओल लागली की ते आम्ल लोखंडी खिळा खात जाते. खिळा गंजला की भोवतीचे लाकूड काळे पडते, सांधा सैल होतो, फळी हलते. सागाच्या अंगात तेल असते. साग तासताना हाताला जो गुळगुळीतपणा आणि नाकाला जो कडसर वास येतो तो त्याच तेलाचा. ते लोखंडाला सांभाळते. वाळवी सहसा सागाच्या वाटेला जात नाही. ऊन, पाऊस, खारे पाणी यांत साग फुगत-आकसतही थोडाच. आपल्या घरांचे जुने खांब आणि चौकटी पाहा. छप्पर पडले तरी चौकट उभी असते.

मुंबईचे आणि सुरतेचे सुतार फळ्याही वेगळ्या बसवत. विलायतेत फळीला फळी नुसती टेकवून मधल्या फटीत काथ्या कोंबत आणि वरून डांबर ओतत. आपल्याकडे फळीच्या कडेला खाच पाडून एकीची कड दुसरीत अडकवत, आणि सांध्यात कापूस व राळ भरत. अशा बांधणीचे जहाज आत पाणी फार कमी घेई.

याचा परिणाम आयुष्यावर दिसतो. कंपनीच्या भाड्याच्या ओकच्या जहाजांना जुन्या रिवाजाने चारच सफरी करायची मुभा होती. चार वेळा पूर्वेला जाऊन आले की जहाज थकले असे धरत. पुढे ही मर्यादा सैल झाली, पण साधारण माप तेच. मुंबईचे सागवानी जहाज मात्र पन्नास-पन्नास वर्षे पाण्यावर राहिल्याची उदाहरणे आहेत. 'स्वॅलो' चार दशकांहून अधिक जगले. माणसाने घडवलेल्या, रोज वादळात जाणाऱ्या लाकडी वस्तूसाठी हे फार मोठे आयुष्य आहे.

आता त्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रवास. अमेरिकेत यॉर्कटाउनला १७८१ मध्ये शरण गेलेला सेनापती कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल म्हणून निघाला तो याच जहाजातून. मे महिन्यात इंग्लंड सोडले, ऑगस्टमध्ये मद्रासला टेकले आणि सप्टेंबरात कलकत्त्याला पोहोचले. साडेचार महिन्यांच्या आत. त्या काळी आफ्रिकेला वळसा घालून येताना सहा महिने लागले तरी कुणी तक्रार करत नसे. सात वर्षांनी, १७९३ मध्ये, कॉर्नवॉलिस परत गेला तोही 'स्वॅलो'मधूनच. ज्या जहाजाने आणले त्यानेच परत नेले.

या सात वर्षांत काय झाले, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. १७८६ पासून पुण्यात चार्ल्स मॅलेट कंपनीचा वकील म्हणून बसला होता. १७९० च्या जूनमध्ये त्याच्याशी नाना फडणवीसांनी टिपूविरुद्ध तह केला. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन श्रीरंगपट्टणापर्यंत गेले. पुण्याचा दरबार, निजाम आणि कंपनी एका बाजूला, आणि या सगळ्याची खबर लंडनच्या संचालकांना मिळायची ती डाकेच्या जहाजांच्या पेट्यांतून. आपण पानिपताच्या, खर्ड्याच्या लढाया वाचतो, तेव्हा मैदान पाहतो. या कागदांच्या पेट्या आणि त्या वाहणारे साग फार कमी वेळा पाहतो. नानांची बातमी आणण्याची यंत्रणा जमिनीवर उत्तम होती. समुद्रापलीकडच्या कचेरीत काय ठरते आहे हे कळायला त्यांच्यापाशी एकही जहाज नव्हते. माझ्या मते अठराव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत मराठ्यांचे सर्वांत मोठे उणेपण हेच होते.

जहाज नव्हते म्हणजे समुद्रावर मराठे कधीच नव्हते असे नव्हे. उलट त्याच शतकाच्या पहिल्या अर्ध्यात इंग्रजी व्यापारी जहाजांना कोकण किनाऱ्याची दहशत होती. १७३५ च्या डिसेंबरात मराठा आरमाराच्या संभाजी आंग्र्यांच्या गुराबांनी, म्हणजे लढाऊ जहाजांनी, 'डर्बी' हे कंपनीचे मोठे जहाज पकडले. मुंबईच्या आरमाराला लागणारे सामान त्यावर होते, तेही आंग्र्यांच्या हाती पडले. कंपनीला हा घाव फार लागला. पण १७५६ मध्ये विजयदुर्गात आंग्र्यांचे आरमार जळाले, आणि ते जाळायला इंग्रजांच्या जोडीला पेशव्यांचेच सैन्य होते. ज्या सागाच्या गुराबांनी 'डर्बी' ओढून नेले, त्यांच्या जातीची जहाजे एका संध्याकाळी राख झाली. वीस-पंचवीस वर्षांनी त्याच किनाऱ्यावर, मुंबईत, सागाचे 'स्वॅलो' उभे राहिले. मालक बदलला होता.

जहाजांवरची माणसेही लक्षात घ्या. शिडांवर चढणारे खलाशी, त्यांचा तांडेल, सारंग, हे पुष्कळ कोकणातले आणि गुजरातचे. इंग्रज त्यांना 'लष्कर' म्हणत. विलायतेत पोहोचल्यावर याच माणसांना इंग्रज खलाशी मानले जात नसे. जहाजावरच्या खलाशांत तीन चतुर्थांश इंग्रज असलेच पाहिजेत असा नियम होता, आणि हिंदुस्थानात बांधलेल्या जहाजांना तो गळफास ठरला. थेम्स नदीकाठचे जहाजबांधणारे मुंबईच्या सागवानी जहाजांवर पहिल्यापासून चिडलेले होते. ही स्वस्त, टिकाऊ जहाजे लंडनच्या बंदरात येऊ लागली तर आमचा धंदा बसेल, हे ते उघड बोलत. १८१५ च्या सुमारास पार्लमेंटने हिंदुस्थानी बांधणीच्या जहाजांवर आणि त्यांतल्या आशियाई खलाशांवर बंधने घातली. जहाज चांगले असून चालत नाही. ते कोणाच्या बंदरात उभे राहू द्यायचे हे दुसराच कोणी ठरवतो.

'स्वॅलो'चे पुढचे आयुष्य एखाद्या नोकरमाणसासारखे आहे. कंपनीची चाकरी संपली. राजाच्या आरमारात लहान युद्धनौका म्हणून गेले, तिथे नावही बदलले. मध्ये डॅनिश निशाणाखाली गेल्याची आणि वेस्ट इंडिजच्या पाण्यात धरले गेल्याची हकीकत मुंबईच्या गोदीच्या जुन्या इतिहासात सांगतात. आरमारातून मोकळे झाल्यावर पुन्हा व्यापारी जहाज झाले आणि जिथे जन्मले त्या मुंबईच्या व्यापारात परतले. शेवटी बंगालमध्ये हुगळीच्या मुखाशी मोठ्या जहाजांना वाट दाखवणाऱ्या वाटाड्यांच्या कामाला लागले. १६ जून १८२३ रोजी हुगळी नदीतल्या 'जेम्स अँड मेरी' नावाच्या वाळूच्या दांड्यावर ते रुतले आणि गेले. दामोदर आणि रूपनारायण हुगळीला मिळतात तिथली ही वाळू. तिला हे नावही १६९४ मध्ये तिथेच बुडालेल्या एका इंग्रजी जहाजावरून पडले होते. एक जहाज दुसऱ्या जहाजाच्या नावात बुडाले.

त्याच्या आयुष्याशेजारी आपल्या जिल्ह्याचे आयुष्य ठेवून पाहा. जहाज बांधले तेव्हा चांद्याचे, म्हणजे आपल्या चंद्रपूरचे, गोंड राज्य जाऊन पाव शतक होऊन गेले होते. १७५१ पासून इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल. 'स्वॅलो' आरमारात गेले त्या सुमारास, १८०३ च्या डिसेंबरात, भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफा चांद्याच्या किल्ल्याला लागल्या, किल्लेदार गंगासिंग लढत पडला. त्या दिवशी 'स्वॅलो' अजून कुठल्यातरी पाण्यावर तरंगत होते. आपल्या परकोटाच्या भिंतीला भगदाड पडले तेव्हाही त्या सागाला भोक पडलेले नव्हते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. कोणत्या जंगलातला?

आपल्या अभिमानाला पटेल असे उत्तर मी देणार नाही. मुंबईच्या गोदीतला साग आपल्या अहेरी-आलापल्लीचा नव्हता. तो मलबारच्या रानांतून समुद्रमार्गे यायचा, आणि काही गुजरातच्या व उत्तर कोकणच्या जंगलांतून. आपल्या नद्यांचा उतारच तिकडे नाही. वैनगंगा आणि वर्धा चपराळ्याजवळ मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याला गोदावरीला मिळते, पुढे सोमनूरला इंद्रावती येते, आणि हे सगळे पाणी भद्राचलम, राजमहेंद्रीवरून पूर्व समुद्राला जाते. आपला साग गेला तर त्याच वाटेने गेला.

आणि तो गेला. गोदावरीच्या मुखाशी, गौतमी शाखेवर, कोरिंगा नावाचे बंदर होते. शेजारी फ्रेंचांचे यानम आणि इंग्रजांची इंजरम ही कापडाची वखार. अठराव्या शतकात कोरिंगा हे पूर्व किनाऱ्यावरचे जहाजबांधणीचे नावाजलेले ठिकाण होते, आणि त्याचे लाकूड गोदावरीतून तरंगत यायचे. बंगालच्या उपसागरात फिरणारी, तांदूळ, मीठ, कापड वाहणारी कितीतरी व्यापारी जहाजे तिथे बांधली गेली. पुढच्या शतकात अहेरी-सिरोंच्याच्या सागाचे तराफे राजमहेंद्रीला जात.

तराफ्याची कला साधी नाही. ओला साग जड असतो, तो पाण्यावर नीट तरंगत नाही. म्हणून उभ्या झाडालाच बुंध्याशी चौफेर खाच पाडून ठेवतात. वर पाणी चढत नाही, झाड उभ्या उभ्या वाळते. दोन-तीन वर्षांनी ते तोडले की हलके झालेले असते. मग ते बैलांनी, पुढे काही ठिकाणी हत्तींनी, नाल्यापर्यंत ओढायचे. कमलापूरचे हत्ती आज आपण सहलीला जाऊन पाहतो, ते तिथे आले ते लाकूड ओढण्याच्या कामासाठीच. पूर आला की लठ्ठे बांबूच्या आधाराने एकत्र बांधायचे आणि पाण्यावर सोडायचे. त्यावर उभे राहून खडकांच्या पट्ट्यांतून वाट काढणारी माणसे नदीच्या अंगाखांद्यावर वाढलेली. आपल्याकडचे ढिवर आणि खालचे तेलुगू नावाडी यांच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही लठ्ठा समुद्राला पोहोचत नसे. सागाच्या जहाजाची अर्धी सफर खाऱ्या पाण्याला लागण्याआधीच झालेली असते. इतिहासात ती लिहिलेली नसते.

कोरिंग्याचा शेवट वाईट झाला. डिसेंबर १७८९ मध्ये तुफान आले. समुद्राच्या एकामागून एक तीन प्रचंड लाटा गावावर चढल्या आणि हजारो माणसे गेली. 'सायक्लोन' हा शब्द घडवणाऱ्या हेन्री पिडिंग्टनने पुढे या तुफानाचा अभ्यास केला होता. नोव्हेंबर १८३९ मध्ये पुन्हा तसेच तुफान आले आणि बंदर कायमचे मोडले. त्यानंतर गोदावरीतून आगबोटी सिरोंच्यापर्यंत आणायची एक मोठी योजना आर्थर कॉटन आणि हेग या इंग्रज अभियंत्यांच्या प्रयत्नांनी सुरू झाली. नदीतले खडकांचे तीन अडथळे टाळायला कालवे आणि दरवाजे बांधायला घेतले. सिरोंचा हे अपर गोदावरी जिल्ह्याचे ठाणे झाले. १८७१ मध्ये योजना सोडून दिली आणि थोड्याच वर्षांत तो जिल्हा मोडून त्याचा बराच भाग चांद्यात विलीन झाला. खडक आजही तिथेच आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरले की उघडे पडतात.

तरीही 'स्वॅलो'चा आणि आपल्या जंगलाचा संबंध आहे, आणि तो लाकडापेक्षा खोल आहे. मला आज मुख्यतः हेच सांगायचे होते.

मुंबईच्या गोदीची भूक वाढत गेली तशी मलबारची राने ओसरत गेली. विलायतेत ओक संपत आला होता, नेपोलियनशी युद्ध चालू होते, आरमाराला जहाजे हवी होती. १८०६ मध्ये कंपनीने कॅप्टन वॉटसन नावाच्या अधिकाऱ्याला मलबारात जंगलाचा 'काँझर्व्हेटर' नेमले. हिंदुस्थानातला हा पहिला. काम जंगल राखण्याचे म्हटले तरी खरे काम जहाजासाठी साग राखण्याचे. त्याने सागावर कंपनीचा हक्क लावला. लोकांच्या खाजगी जमिनीवरचे झाडही सरकारचे. शेतकऱ्याला, सुताराला, व्यापाऱ्याला स्वतःचे झाड तोडायची बंदी. लोकांत इतका असंतोष माजला की मद्रासचा गव्हर्नर मन्रो याने १८२३ मध्ये ते पदच मोडीत काढले. 'स्वॅलो' बुडाले तेच वर्ष. जहाज गेले, पदही गेले. पण त्या पदामागचा विचार बुडाला नाही. झाड कोणाच्या गावात आहे याने फरक पडत नाही, सरकारला ते कशासाठी हवे आहे त्यावर त्याची मालकी ठरते, हा तो विचार.

तो पुन्हा वर आला. १८५५ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने जंगलांबद्दल धोरण जाहीर केले. १८६४ मध्ये ब्रांडिसच्या हाताखाली वनखाते उभे राहिले, १८६५ आणि १८७८ मध्ये कायदे झाले. आता जहाजांची जागा रेल्वेच्या स्लीपरांनी घेतली होती. मध्य प्रांतात, आपल्या चांद्यात, जे राखीव जंगल आले, जी चौकी आली, लाकडावर जी हातोड्याची छाप आली, जो दंड आला, त्याची पहिली ओळ मलबारच्या सागावर लिहिली गेली होती, आणि ती जहाजासाठी लिहिली गेली होती. आपल्या आजोबा-पणजोबांना घराच्या दांडीसाठी साग आणला म्हणून ज्याने अडवले, त्या माणसाच्या मागे कुठेतरी दूर एक गोदी उभी होती. चांदीचा खिळा ठोकला जात होता.

हे मी वनखात्यावर रागाने बोलत नाही. माझ्या घरची चूल त्याच डेपोच्या पगारावर पेटली. आलापल्लीजवळचा 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' हा सहा हेक्टरांचा तुकडा राखला गेला म्हणून आज आपल्या मुलांना मूळचा साग कसा असतो ते दिसते. २०१४ मध्ये तो जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला, महाराष्ट्रातला पहिला. तिथे मी जेव्हा जेव्हा जातो, तेव्हा मान वर करून थांबतो. जहाजाचा सुतार हे झाड पाहून काय म्हणाला असता, याचा विचार करतो. डेपोत सरळ, गाठ नसलेल्या नगाला भाव असतो. माझे वडील वाकडा नग वेगळ्या ढिगाला टाकत. जहाजाच्या सुताराला मात्र वाकडे लाकूडही तितकेच प्रिय. जहाजाच्या बरगड्या आणि कोपरे वाकडे असतात. नैसर्गिक वाक असलेल्या फांदीत तंतू तुटत नाहीत, म्हणून तो रानात वाकलेली झाडे शोधत फिरायचा. ज्या झाडाला आज आपण टाकाऊ म्हणतो त्याच्यासाठी तो दोन दिवस चालला असता.

त्या मुंबईच्या सागाचे शेवटचे जिवंत रूप पाहायचे असेल तर ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे. 'त्रिंकोमाली' नावाची युद्धनौका, १८१७ मध्ये मुंबईत मलबारच्या सागात बांधलेली. आजही पाण्यावर आहे, लोक तिकीट काढून तिच्यावर चढतात.

आणि आपला साग अजूनही दूर जातो. मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरच्या डेपोतून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागाची पहिली खेप निघाली तेव्हा या शहरात मिरवणूक निघाली होती, आपल्यातले कितीतरी जण तिथे होते. मीही होतो. ट्रकवर फुले होती. गर्दीत माझ्या शेजारी एक म्हातारा उभा होता. आयुष्यभर जंगलतोडीच्या कूपात कुऱ्हाड चालवलेली. तो ट्रककडे पाहून शेजारच्याला सांगत होता, हा नग बहुधा अमुक नाल्याच्या वरच्या अंगाचा, रंगावरून ओळखू येतो. भामरागडच्या मुलाचा प्रश्न आणि या म्हाताऱ्याचे उत्तर, मध्ये मी.

'स्वॅलो'च्या कागदांत कप्तानांची नावे आहेत, प्रवाशांची आहेत, तोफांची संख्या आहे. लाकूड गोदीत खंडीने मोजले जायचे. खंडी झाली की झाड संपते, झाड संपले की रान संपते, आणि रान संपले की तोडणाऱ्याचे नाव तर उरतच नाही. म्हणून त्या जहाजाबद्दल त्या मुलाला मी आजही फक्त 'मलबार' एवढेच सांगू शकतो. कोणता डोंगर, कोणते गाव, कोणाच्या देवाची राई, हे नाही सांगू शकत.

आपल्याकडे एक गोष्ट बदलली आहे, ती सांगून थांबतो. जंगलातून माल बाहेर काढायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि माल कोणत्या जंगलातला हे त्यावर लिहावे लागते. दीडशे वर्षे हा परवाना खातेच देत आले. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, देशात पहिल्यांदा मिळालेल्यांपैकी एक. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार त्या ग्रामसभेच्या हाती आला. आता त्या गावचा बांबू ट्रकवर चढतो तेव्हा तो कोणत्या रानातला हे गावच लिहिते, आणि सही ग्रामसभेची असते. मी तो कागद पाहायला मेंढ्याला गेलो होतो. त्याची एक प्रत मागून घेतली आहे. पुढच्या पावसाळ्यानंतर वाट सुरू झाली की भामरागडच्या त्या शाळेत नेणार आहे.